ज्याचा खिळा त्याच्या घरात

इंग्रजीतला 'सेट' हा शब्द मला नानांनी दिला. नानांना इंग्रजी बोलता येत नव्हतं. सातवी पास झाल्यावर ते तासगावातल्या एका छापखान्यात लागले आणि हयातभर जुळारीच, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे ओळीत जुळवणारेच, राहिले. इंग्रजी मजकूर मात्र ते मराठीइतक्याच सफाईने जुळवायचे, आणि तोही उलटा वाचत. पुढे भाषांतरावर माझं घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली. या साऱ्या वर्षांत हा तीन अक्षरांचा शब्द समोर आला नाही असा आठवडा क्वचितच गेला असेल. तो आला की मला नानांचा डावा हात दिसतो. हातात पितळी स्टिक, स्टिकमधल्या ओळीवर टेकलेला काळवंडलेला अंगठा, आणि उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या खोक्याच्या, घरांवरून न बघता फिरणारा.

1977 साली मी दहावीची परीक्षा दिली. वडील बाजार समितीत तोलार होते, घरात खाणारी तोंडं पाच. सुट्टीत चार पैसे मिळावेत म्हणून मी त्याच छापखान्यात जाऊ लागलो. कॉलेज सुरू झाल्यावरही दुपारचा जातच राहिलो. सुरुवातीला काम एकच होतं. छापून झालेला मजकूर रॉकेलने धुवायचा आणि त्याचे खिळे एकेक करून परत केसमध्ये टाकायचे. ज्या अक्षराचं जे घर, त्यातच ते पडलं पाहिजे. मराठीच्या केसला घरं फार. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, जोडाक्षरांची अर्धी रूपं वेगळी. पहिले पंधरा दिवस मी नुसती घरं पाठ करत होतो.

नाना रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर मला शेजारी बसवायचे आणि हातात एक खिळा द्यायचे. "हे काय आहे?"

"क."

"कशाचा क?"

मी गप्प.

"कमळातला का कर्जातला? नाही ना सांगता येत? तो ओळीत बसेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. एकटा खिळा म्हणजे नुसतं शिसं." असं म्हणून ते तो खिळा स्टिकमध्ये ठेवायचे, त्याच्या अंगावरची खाच बोटाने चाचपायचे आणि पुढच्या अक्षराकडे वळायचे. ओळ भरत आली की शब्दांमधल्या स्पेस कमीजास्त करून ती ताठ करायचे. अंगठ्याने दाबून बघायचे. ना सैल, ना तुडुंब. मग म्हणायचे, "बसली."

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात घडलेला एक प्रसंग आहे. माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथे घातला गेला.

तासगाव द्राक्षांचं गाव. ऑक्टोबरची छाटणी होऊन गेली होती, बागा फुलोऱ्यात होत्या. औषधांच्या दुकानदाराने एक इंग्रजी पत्रक आणून दिलं. मण्यांची फुगवण व्हावी म्हणून घड जिब्रेलिक अॅसिडच्या पाण्यात कधी आणि कसे बुडवायचे, याची माहिती त्यात होती. त्याचं मराठी करून पाचशे प्रती छापायच्या होत्या. छापखान्यात कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून काम माझ्याकडे आलं. मोठा अभिमान वाटला. शब्दकोश मांडीवर घेऊन रात्री दीडपर्यंत बसलो. पहिली बुडवणी 'आफ्टर बेरी सेट' करावी, असं त्यात लिहिलं होतं. सेट म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गणिताच्या पुस्तकात तेव्हा 'संच' शिकवत. महिरपी कंस काढून त्यात घटक लिहायचे. मी लिहिलं, 'फळांचा संच पूर्ण झाल्यानंतर घड बुडवावेत.'

दुसऱ्या दिवशी नाना ते जुळवायला बसले. चार ओळी झाल्या आणि हात थांबला.

"फळांचा संच म्हणजे काय रे?"

मी सांगितलं, की सेट म्हणजे संच, म्हणजे घडातले सगळे मणी मिळून एक संच.

"आणि तो पूर्ण कधी होतो?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नानांनी स्टिक खाली ठेवली. जुळवता जुळवता त्यांनी स्टिक खाली ठेवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. म्हणाले, "सायकल घे. मळ्यात जा. बागायतदाराला विचार, पहिल्यांदा घड बुडवता ते कधी. आणि नुसतं विचारून येऊ नको, बघून ये."

मी गेलो. मांडवाखाली तो माणूस वाकून वाकून घड न्याहाळत होता. मी विचारल्यावर त्याने एक घड तळहातावर घेतला आणि मला खाली वाकायला सांगितलं. घडाच्या शेंड्याला अजून फुलं होती, प्रत्येक फुलावर इवलीशी हिरवी टोपी. वरच्या बाजूला टोप्या गळून गेल्या होत्या आणि तिथे मोहरीहून थोडे मोठे हिरवे ठिपके उभे होते. त्याने नखाने हलकेच घड झाडला. काही ठिपके गळून हातावर पडले, बाकीचे देठाला घट्ट राहिले.

"ह्ये ऱ्हायलं न्हवं, ह्येनी धरलंय. मणी धरला म्हंत्यात ह्येला. आन् ह्या खालच्या फुलात आत्ताच औषध घातलं, तर सगळी गळत्याली बघ. वर्साचं प्वाट जाईल."

परत येताना सायकलवर माझे कान तापले होते. माझं पत्रक वाचून कुणी चार दिवस आधी घड बुडवले असते तर काय झालं असतं, ते मी तळहातावर पडताना पाहिलं होतं. नाना रागावले नाहीत. त्यांनी चिमट्याने 'फळांचा संच पूर्ण झाल्यानंतर' यातला एकेक खिळा उचलून घरात टाकला आणि 'मणी धरल्यानंतर' असं जुळवलं. ओळ आखूड झाली, म्हणून स्पेस टाकून ती ताठ केली. अंगठ्याने दाबली.

"शब्दाला अर्थ विचारू नये," ते म्हणाले. "तो बसलाय कुठं, ते बघावं. आणि जिथं बसलाय तिथल्या माणसाला विचारावं."

माझी विद्या म्हणायची तर एवढीच. पुढे पुण्याला पदवी घेतली, मुंबईला आलो, भाषांतराची कामं मिळू लागली आणि 'सेट' रोज नवा वेश घेऊन भेटू लागला. आई विरजण लावून दही लावते, तिथे इंग्रजीत तो असतो. गजर लावणं, सापळा लावणं, आग लावणं, कवितेला चाल लावणं, सगळीकडे तोच. पानं मांडतानाही तो, परीक्षेचा पेपर काढतानाही तो. सोनार कोंदणात खडा बसवतो, डॉक्टर मोडलेलं हाड बसवतो, तेव्हाही तो. नवा विक्रम करणं, चांगलं उदाहरण घालून देणं, कैद्याला सोडून देणं, प्रवासाला निघणं, सूर्य मावळणं, हे सगळं तोच करतो. कोर्टाच्या कागदात खालच्या न्यायालयाचा आदेश त्याच्या जोडीने रद्दबातल होतो. शब्दाला शब्द ठेवला असता तर तो आदेश नुसता बाजूला ठेवलेला दिसला असता आणि पक्षकार वर्षभर वाट बघत राहिला असता.

एकदा सिमेंटच्या वापराची पुस्तिका आली. नेहमीच्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानक सांगतं, की पाणी घातल्यापासून 30 मिनिटांच्या आत ते 'सेट' होऊ लागता कामा नये आणि 600 मिनिटांच्या आत ते पूर्ण 'सेट' झालं पाहिजे. एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा, पण दोन्हींची अवस्था वेगळी. मी कागद घेऊन शेजारच्या इमारतीच्या कामावर गेलो. गवंड्याने घमेल्यातल्या मालावर अंगठा दाबून दाखवला. अंगठा थोडा रुतला आणि अडला. "आता धरलंय," तो म्हणाला. "सकाळी बघा, दगड होईल." म्हणजे आधी धरणं, मग घट्ट होणं. द्राक्षाच्या मांडवाखाली ऐकलेलं क्रियापद मला मुंबईच्या सिमेंटमध्ये पुन्हा सापडलं. त्या दिवशी मी नानांना पत्र टाकलं.

1991 च्या सुमारास एका ग्रंथालयात ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे वीसही खंड एका ओळीत उभे दिसले. 1989 ची ही दुसरी आवृत्ती. मी 'सेट' काढला. पान उलटलं, आणखी उलटलं, नोंद संपेचना. या आवृत्तीतली सर्वांत मोठी नोंद हीच. एकट्या क्रियापदाचे 430 अर्थ आणि नोंदीची लांबी साठ हजार शब्दांच्या घरात, म्हणजे एक बऱ्यापैकी पुस्तकच. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकाने नऊ महिने खपून त्याचे 645 अर्थ लावले. पण माझी मैत्री सेटशी.

त्या कोशाची जन्मकथा वाचली तेव्हा मला आमचा छापखानाच आठवला. संपादक जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डमधल्या आपल्या घराच्या बागेत पत्र्याची एक शेड उभारली होती. देशोदेशींचे वाचक पुस्तकं वाचून चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पाठवत आणि त्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या शेकडो कप्प्यांत शब्दवार पडत. आधी वाक्य, मग त्यावरून अर्थ. 1884 मध्ये पहिला भाग निघाला आणि 1928 मध्ये पहिली आवृत्ती पुरी झाली. मरे तोवर हयात नव्हते. 'सेट' ज्या भागात येतो तो मरे यांचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याचा. विद्यापीठाचं तोंड न पाहता ब्रॅडली भाषा शिकले होते. शेफील्डमध्ये चाकूसुऱ्यांच्या एका कंपनीत त्यांनी वीस वर्षं कारकुनी केली. लहानपणी वडिलांच्या गुडघ्यावर उघडलेलं बायबल समोर उभं राहून बघता बघता त्यांना आधी उलटंच वाचता येऊ लागलं, असं त्यांच्याविषयी सांगतात.

उलटं वाचणारा आणि शाळेबाहेर शिकलेला माणूस! मी हे सगळं नानांना सविस्तर लिहिलं. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, अक्षर छापल्यासारखं. 'ब्रॅडलीसाहेबांस नमस्कार. 430 चा हिशेब कळला. आपल्या बसण्याचा कुणी केला आहे काय? दिवाळीत आलास की बघू.'

दिवाळीत गेलो. छापखान्यात तोवर ऑफसेट यंत्र आलं होतं. या नावातही सेट आहे. शाई प्लेटवरून आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. शिशाचा खिळा कागदाला टेकतच नाही. जुळाऱ्याची गरज उरली नव्हती. खिळे मोडीत वजनावर गेले होते. शिसं, अँटिमनी आणि कथील, एवढाच त्यांचा भाव. नाना घरी होते. ते याबद्दल काही बोलले नाहीत. फक्त मी नेलेलं माझं नवं पुस्तक उघडून त्यांनी पानावरून अंगठा फिरवला, मागच्या बाजूनेही फिरवला. खिळ्याची खूण लागते का ते बघत होते. पान गुळगुळीत होतं. "छपाई स्वच्छ आहे," म्हणाले.

मग आम्ही ओसरीवर वही घेऊन बसलो. नाना सांगत होते आणि मी लिहीत होतो. पंगत बसली. गणपती बसले, घट बसले. पोरगा परीक्षेला बसला. धक्का बसला, मार बसला, चटका बसला. घसा बसला. पावसात भिंत बसली. धंदा बसला. विश्वास बसला, वचक बसला, दातखीळ बसली. खर्च किती बसला? पेच बसला. नाटक बसलं. सदऱ्याची घडी बसली, संसाराचीही बसली. काकूंनी आतून सांगितलं, "रडत बसला, ते लिहा." बोलत बसला, बघत बसला, वाट बघत बसला. त्या बसण्यात तर माणूस उभासुद्धा असतो. वहीची तीन पानं भरली. मग नाना थोडं थांबले आणि म्हणाले, "हात बसला, हे लिही. ते राहिलं."

हात बसला. एखादं काम इतक्या वेळा करायचं, की डोळ्यांनी न बघताही बोटांना घर सापडतं.

मी त्यांना कोशात वाचलेलं सांगितलं. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणं. आपलं बसणे-बसवणे आहे तसंच. बसवण्याच्या एका क्रियेतून त्यांचे शेकडो अर्थ फुटले. त्या शब्दाचं मूळ आणि संस्कृतातल्या 'सद्' धातूचं मूळ एकच. सदन, परिषद, उपनिषद हे सगळे त्याचे भाऊबंद. उपनिषद म्हणजे जवळ, खाली बसणं. हे सांगताना माझा आवाज जरा कापला. रॉकेलच्या डब्यावर मी कुणाच्या जवळ, खाली बसलो होतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"आणि तुझा तो संच?" नानांनी विचारलं.

त्याचीही हकीकत मी वाचली होती. समूह या अर्थाचा सेट मुळात वेगळाच शब्द. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. पंथ, अनुयायांचा मेळा असा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीत आल्यावर त्याचा उच्चार या बसवण्याच्या सेटशी जुळला आणि दोघे एकमेकांत मिसळून गेले.

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे दुसऱ्या फाँटचा खिळा. चुकून आपल्या केसमध्ये पडला, पण चेहरा जुळला म्हणून राहून गेला. व्हायचं तसं आमच्याकडे. नीट बघितल्याशिवाय कळायचं नाही." एवढा नेमका दाखला मला कुठल्याही भाषाशास्त्रज्ञाच्या पुस्तकात मिळाला नव्हता.

उन्हं उतरली होती. मी विचारलं, "नाना, सूर्य मावळतो तिथे हा शब्द कसा गेला असेल?" मलाच ते तेव्हा माहीत नव्हतं. नाना म्हणाले, "दिवसभर उभा असतो, संध्याकाळी बसत असेल." पुढे जुन्या इंग्रजीविषयी वाचताना कळलं, की तिथे सूर्यास्ताला एक शब्द होता, त्याचा अर्थ 'आसनाकडे जाणं'. नानांचा अंदाज चुकला नव्हता. आणि आपला 'अस्त' हा शब्द? वेदांच्या भाषेत अस्त म्हणजे घर. सूर्य अस्ताला जातो म्हणजे घरी जातो. हे कळलं त्या दिवशी पोस्टकार्ड लिहायला नाना राहिले नव्हते.

आता साठी उलटली. अजून काम करतो. तासगावकडचा नवा बागायतदार आता 'सेटिंग झाली' असंच म्हणतो, मुलं 'लाइफ सेट' म्हणतात, गोलंदाजाला दमवणारा फलंदाज 'सेट झाला' असं म्हणतात. शब्द आपल्याकडे येऊन बसला आहे आणि इथले नवे अर्थ घेतो आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण भाषांतर करताना तो समोर आला की अजून मी पेन खाली ठेवतो. कधी शिंप्याकडे जातो, कधी गवंड्याकडे, कधी वकिलाला फोन करतो. प्रत्येक जण आपल्या हाताखालचा एकेक शब्द काढून देतो, मी तो ओळीत बसवतो आणि पान छापलं जातं. त्या पानावर माझं नाव असतं, पण त्यातलं बरंचसं उसनं आणलेलं असतं. ते देणाऱ्यांची नावंही मला पुष्कळदा माहीत नसतात. नानांचं ऋण फेडावं म्हटलं तर कुठे फेडणार? छापखाना नाही, केस नाही, खिळेही नाहीत.

फेडण्याची एकच रीत त्यांनी शिकवली होती. पहिल्या आठवड्यात एकदा कंटाळून मी मूठभर खिळे एकाच घरात ओतले होते. लग्नपत्रिका छापून झाली होती, पत्रिकेवरचं लग्नही लागून गेलं होतं. आता हे खिळे कोण बघतंय, असं वाटलं. नानांनी ते घर माझ्या मांडीवर पालथं केलं आणि शेजारी बसून एकेक खिळा माझ्या हातात देऊ लागले. क कच्या घरात, काना कान्याच्या घरात. अंधार पडला, दिवा लावला, तरी ते देत राहिले. शेवटचा खिळा पडल्यावर म्हणाले, "आपलं काम झालं म्हणून टाकून द्यायचं नसतं. उद्या दुसऱ्या कुणाला हा लागेल, तेव्हा त्याचा हात इथंच येईल."